होकायंत्राची चूक काढणारे मगदूम साहेब

एका माणसाबरोबर तीस वर्षं काम केलं की किस्से आपोआप साठतात. लेथखाली चुरा साठतो तसे. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी परत आहेच. उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर आम्ही चार-पाच म्हातारे बसतो. तिथं मगदूम साहेबांचं नाव निघालं नाही असा दिवस जात नाही. नाव मीच काढतो. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं दुसऱ्या गाड्यावर चहा प्यावा.

साहेब मूळ शिरोळ तालुक्यातले. जैन, शेतकऱ्याचं घर. वीस वर्षं जहाजावर अधिकारी होते. नंतर परीक्षा देऊन होकायंत्राची चूक काढायचा परवाना मिळवला आणि कोल्हापुरात येऊन राहिले. लोक विचारायचे, "कोल्हापुरात समुद्र कुठाय?" साहेब म्हणायचे, "रत्नागिरी चार तास, गोवा सहा तास. समुद्र कुठं पळून जातोय?"

काम काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे मध्ये कुणी अडवायला नको. होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, हे शाळेत शिकवतात. मी चौथी पास आहे, मलाही शिकवलं होतं. पण जहाज पोलादाचं असतं. ते हजारो टन पोलाद सुईला आपल्याकडं ओढतं. जहाजाचं तोंड वळलं की ओढ बदलते, चूकही बदलते. मग होकायंत्राच्या आसपास चुंबक आणि लोखंडी गोळे असे बसवायचे की जहाजाची ओढ मारली जावी. त्यासाठी जहाज समुद्रात गोल फिरवतात. आठ दिशांना थांबून, सूर्यावरून किंवा दीपगृहावरून खरी दिशा काढून, सुई किती चुकते ते बघतात. एवढं करून अंश-दोन अंश चूक राहतेच. ती कार्डावर लिहायची आणि खाली साहेबांची सही. त्या कार्डाच्या भरवशावर माणसं समुद्रात जातात.

मी साहेबांचा मदतनीस. पेटी उचलायची, चुंबक द्यायचे, आणि पुढं पुढं रीडिंग सांगायचं. मी आकडा सांगितला की साहेब वाकून स्वतः बघत आणि मगच लिहीत. पहिल्या वर्षी बघत, पंधराव्या वर्षी बघत, तिसाव्या वर्षीही बघत. मला उन्हाचं काही वाटलं नाही, ओझ्याचं वाटलं नाही. एवढं एक खुपायचं. या माणसानं आयुष्यात एकदा माझं रीडिंग न बघता घ्यावं, इतकंच मला हवं होतं. बोलून दाखवलं नाही. मागून मिळतो त्याला मान म्हणत नाहीत.

*

साहेबांची माझी गाठ भट्टीवर पडली. मी एका फाउंड्रीत मोल्डर होतो. साहेब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, दोन गोळे ओतून घ्यायला आले. मोठ्या नारळाएवढे, होकायंत्राच्या दोन अंगांना बसवायचे. मालकानं काम मला दिलं. मी ओतले, घासले, आरशासारखे केले.

साहेबांनी टेबलावर एक लहान होकायंत्र ठेवलं. शेजारी गोळा ठेवला आणि जागच्या जागी हळूहळू फिरवला. सुई हलली.

"न्हाय चालायचं," म्हणाले आणि गेले.

दुसरी जोडी केली. सुई हलली. तिसरी केली. हलली. मालक वैतागला. "पावणं, गोळा गोल हाय. आणि काय पायजे तुम्हाला?"

साहेब म्हणाले, "बाहेरनं गोल हाय. पण त्याच्या पोटात एक दिशा बसलीय. मला बिनदिशेचा पायजे."

मी दोन दिवस विचार केला. लोखंड ठोकलं, घासलं की ते थोडं चुंबक होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण कानशीला चुरा चिकटतो हे रोज बघत होतो. चौथी जोडी घासून झाल्यावर, घासताना बसलेली दिशा निघून जावी म्हणून, मी ती परत लाल होईपर्यंत तापवली आणि राखेत पुरली. दोन दिवस हात लावला नाही.

साहेबांनी गोळा फिरवला. एक फेरा, दोन फेरे. सुई जागची हलली नाही. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"शाळा किती?"

"चौथी."

"बरं झालं. पाचवीत गेला असतास तर राखेत पुरायचं सुचलं नसतं."

पुढच्या सोमवारी मी त्यांच्याबरोबर रत्नागिरीच्या गाडीत होतो.

*

पहिल्याच जहाजावर मी शोभा करून घेतली.

साहेबांनी गाडीतच बजावलं होतं, अंगावर लोखंड नको. किल्ल्या, घड्याळ, चाकू, कमरेचा पट्टा, सगळं मी खाली केबिनमध्ये ठेवलं. मग शिडीनं जहाजाच्या सगळ्यात वरच्या छतावर गेलो. तिथं होकायंत्राचा लाकडी खांब असतो. त्याच्या पोटात कपाट, कपाटात चुंबकाच्या कांड्या, पुढून आणि मागून एकेक दार. मला तो देव्हाराच वाटला. देव्हाऱ्यापुढं चपला घालून कसं उभं राहायचं? मी काढल्या. वर वारा असा की चपला समुद्रात गेल्या असत्या. कोल्हापुरी, नव्याकोऱ्या, मुद्दाम ऑर्डर देऊन करून घेतलेल्या. म्हणून मी त्या खांबाच्या मागच्या दारानं आत सरकवल्या आणि दार लावलं.

जहाज फिरायला लागलं. आकडे असे यायला लागले की साहेबांनी तीनदा गणित तपासलं. कॅप्टनला विचारलं, क्रेन कुठं आहे, साखळी कुठं आहे. एक तास गेला. मग त्यांचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं. मे महिना, तापलेलं पोलाद, मी एका जागी उभा राहून नाचत होतो.

"चपला कुठं हायत तुझ्या?"

मी मागचं दार उघडून दाखवलं.

साहेबांनी एक चप्पल बाहेर काढली आणि उलटी केली. टाचेला लोखंडी नाल. चालताना खाडखाड आवाज व्हावा म्हणून आमच्याकडं हौसेनं मारून घेतात. मी दोन्ही चपलांना मारून घेतला होता.

साहेब म्हणाले, "दिनकर, नाल घोड्याला मारत्यात. आणि घोडं देवळात नेत न्हाईत."

एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी बघतो तर साहेबही अनवाणी. त्यांच्या बुटात खिळा नव्हता, त्यांना गरज नव्हती. तीस वर्षं आम्ही दोघं त्या तापल्या पोलादावर अनवाणी उभं राहून काम केलं.

*

गोव्याला एक जहाज आलं. चार महिन्यांपूर्वीच साहेबांनी त्याचं कार्ड करून दिलं होतं. कॅप्टन पंजाबी, आवाज मोठा. जिन्यातच म्हणाला, "मगदूम साहब, आपका कार्ड गलत है. नौ डिग्री का फरक आ रहा है."

साहेबांचं कार्ड चुकलं असं तोंडावर म्हणणारा मी तो पहिला माणूस बघितला. मला राग आला. साहेब खुर्चीवर बसले. कॅप्टननं लिहून ठेवलेले आकडे मागून घेतले आणि दहा मिनिटं वाचत राहिले. वर गेलेसुद्धा नाहीत.

मग हिंदीत म्हणाले, "होकायंत्राच्या उजव्या अंगाला, दोन हातांच्या आत, कुणीतरी नवीन लोखंड वेल्डिंग करून जोडलंय. तुम्ही आत्ताच वर जाऊन बघा. मी चहा घेतो."

कॅप्टननं चीफ ऑफिसरला बोलावलं. तो म्हणाला, काही जोडलेलं नाही. सगळे वर गेले. उजव्या अंगाला, दीड हातावर, टीव्हीच्या डिशचा लोखंडी स्टँड. वरून पांढरा रंग दिलेला, नवीन वाटू नये म्हणून.

खलाशांचा मुकादम मालवणचा होता. तो खाली मान घालून साहेबांसमोर उभा राहिला. "मॅच बघूक लावलेलो, साहेब."

"कोण जिंकलं?"

"आपण हरलो."

साहेबांनी कप खाली ठेवला. "मग तर काढाच."

*

साहेब सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नसत. पाणीसुद्धा नाही. त्यांच्या घरातली पद्धत. जहाजावर वीस वर्षं काढली, पण ती सोडली नाही. आमचं काम संध्याकाळपर्यंत चालायचं म्हणून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देत. साहेब पाचच्या सुमाराला दहा मिनिटं काम थांबवून खात.

एकदा जहाज निघायलाच दुपारचे तीन झाले. फिरता फिरता सात दिशा झाल्या. आठवी राहिली आणि सूर्य क्षितिजापासून दोन बोटं वर. ढग चढत होते. आता एक तर खायचं, नाही तर आठवी दिशा सूर्यावरून पकडायची. दोन्ही जमणार नव्हतं.

कॅप्टन कोकणातला, माणूस चांगला. म्हणाला, "साहेब, सात झाल्या. आठवी अंदाजानं लिहा आणि चार घास खाऊन घ्या. कोण बघतंय?"

साहेबांनी डबा मला धरायला दिला आणि ढगात सूर्य हरवू नये म्हणून डोळा काचेला लावून ठेवला. जहाज आठव्या दिशेला यायला वीस मिनिटं लागली. आकडा मिळाला तेव्हा सूर्याची वरची कड तेवढी राहिली होती. साहेबांनी लिहिलं, सही केली. डबा तसाच पेटीत गेला.

कॅप्टनला वाईट वाटलं. "एका रकान्यासाठी उपाशी राहिलात."

"मला सकाळी खायला मिळंल," साहेब म्हणाले. "ह्या रकान्याला आज न्हाय मिळालं तर कधीच न्हाय."

तो डबा मीही उघडला नाही. भूक लागली होती. पण उघडला नाही.

*

आता माझी एक चूक सांगतो. मी ती लपवत नाही.

पंधरावं-सोळावं वर्ष असेल. एका जहाजावर तीन दिवस काम चाललं होतं. पोलाद तापलेलं, पायाला फोड. मी रीडिंग सांगतोय, साहेब वाकून बघतायत, लिहितायत. प्रत्येक आकडा बरोबर. तरी प्रत्येक वेळी वाकून बघतायत. माझं डोकं फिरलं. सुई दोनशे एकवीसवर होती. मी म्हणालो, "दोनशे सतरा."

साहेब वाकले. बघितलं. दोनशे एकवीस लिहिलं. पुढचं रीडिंग मागितलं.

पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. मला वाटलं, संपलं आपलं. परत येताना आंबा घाटात गाडी चहाला थांबली. मी कप हातात घेऊन लांब उभा होतो. साहेब जवळ आले.

"चुकून चुकलास का मुद्दाम?"

"मुद्दाम."

"मला वाटलंच. चुकून चुकणारा माणूस एक-दोन अंशांनी चुकतो." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "खोटं सांगायला खरं ठाऊक असावं लागतं. ते तुला ठाऊक होतं. म्हणून ठेवून घेतोय. चल, गाडीत बस."

त्यानंतर मी कधी खोटं रीडिंग दिलं नाही. आणि साहेबांनी बघायचं सोडलं नाही.

*

शेवटी शेवटी साहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ते भिंग घेऊन बघायला लागले. पेटीत एक भिंग, खिशात एक भिंग.

रत्नागिरीला एका जहाजावर मी सांगितलं, "त्रेसष्ट." साहेब भिंग घेऊन वाकले. फार वेळ वाकून राहिले. वाऱ्यानं त्यांचा सदरा फडफडत होता. मी विचारलं, "दिसतंय का साहेब?"

"न्हाय."

"मग बघताय कशाला?"

"सवय."

ते उठले. कार्ड कोरंच घडी घालून खिशात ठेवलं आणि खाली जाऊन कॅप्टनला सांगितलं, "मुंबईहून दुसरा माणूस बोलवा. माझ्या डोळ्यांनी न बघितलेल्या आकड्यावर माझी सही होत नाही." त्या दिवशी साहेबांनी काम सोडलं. परवाना होता, मागणी होती, कुणी काढून घरी बसवत नव्हतं. स्वतः सोडलं.

मुंबईहून माणूस आला. मी पेटी धरायला थांबलो होतो. त्यानं त्या रकान्यात त्रेसष्टच लिहिलं.

मी हे साहेबांना सांगितलं नाही. त्यांचा नियम बरोबर होता. पण त्या रात्री गाडीत मला झोप लागली नाही, हेही खरं.

पुढं साहेबांच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, नजर चांगली आली. पण वय झालं होतं. शिरोळकडं गावाबाहेर त्यांचा मळा आहे, तिथं घर बांधून साहेब आणि अक्का राहायला गेले. मीही घरी बसलो.

*

हा शेवटचा. गाड्यावर हा मी सगळ्यात कमी वेळा सांगतो.

माझी मुलगी साहेबांच्या मळ्यापासून दोन किलोमीटरवरच्या गावात दिली आहे. एका पावसाळ्यात मी तिच्याकडं गेलो होतो आणि पूर आला. गाव उंचावर, पण चहूबाजूंनी पाणी. ऊस बुडाला, रस्ते बुडाले. साहेबांचा मळाही टेकाडावर, पण तिथं घर एकच आणि माणसं दोनच. मोबाईलचा टॉवर बंद पडायच्या आदल्या संध्याकाळी अक्कांचा फोन आला. "दिनकर, माझ्या छातीच्या गोळ्या उद्यापुरत्याच हायत. ह्यांना सांगू नको मी फोन केला म्हणून."

सरकारी बोट येणार होती. पण खालच्या वस्तीत शंभर माणसं अडकलेली, ती तिकडं गेली. ते बरोबरच होतं.

आमच्याकडं पुरात काहील हीच नाव. काहील म्हणजे गुऱ्हाळातली गुळाची कढई. लोखंडी पत्र्याची, दहा-अकरा फूट रुंद, चार-पाच माणसं आरामात बसतात. जावई सचिन आणि त्याचा शेजारी बबन गावातल्या दवाखान्यातनं गोळ्या घेऊन सकाळीच काहिलीतून निघाले. पाऊस असा की दहा हातांपुढचं दिसत नव्हतं. मोबाईलवर नकाशा उघडत नव्हता, पण त्यात होकायंत्राची सुई असते. ती बघत गेले. तासाभरानं जमीन लागली. काठावर एक म्हातारा छत्री घेऊन उभा.

बबननं विचारलं, "पावणं, गाव कुठलं हे?"

"आपलंच की रं बबन्या," म्हातारा म्हणाला. म्हातारा म्हणजे मी.

लोखंडी कढईत बसून मोबाईलची सुई बघत गेले. गोल फिरून दारात आले.

माझ्याकडं लाइफबोटीचं एक जुनं होकायंत्र होतं. मुलीच्या लग्नात भांडी दिली त्यात तेही दिलं होतं. व्याही हसले होते. मुलीनं ते कोनाड्यात जपून ठेवलं होतं.

मी देवळाच्या पायरीवर लोखंडापासून लांब उभा राहिलो. पाऊस जरा उघडला की लांबच्या खुणा दिसत. एकीकडं पाण्याची टाकी, एकीकडं कारखान्याची चिमणी, आमराई, शेजारच्या गावच्या देवळाचा कळस. चारींचं रीडिंग घेतलं. साहेबांच्या मळ्यातल्या नारळाच्या झाडांचं आधीच घेतलेलं होतं. आल्या दिवशीच, सवयीनं. एकशे दहा अंश.

मग काहील गुडघाभर पाण्यात आणली. मधोमध लाकडी चौरंग, त्यावर होकायंत्र. काठावर चुन्यानं एक रेघ मारली, ते नावेचं तोंड. गावातल्या चौघा पोरांना पाण्यात उभं केलं आणि काहील फिरवायला लावली. तोंड टाकीकडं, मग चिमणीकडं, मग आमराईकडं, मग कळसाकडं. सुई चाळीस अंशांनी खोटं बोलत होती.

सचिन म्हणाला, "मामा, होकायंत्र बिघडलंय."

"होकायंत्र न्हाय, काहील. किती वर्सं गुऱ्हाळात हाय ही?"

"आज्ज्याच्या वेळची हाय."

"आणि चुलाणावर बसवताना तोंड कुठं?"

"नेहमी एकच. गूळ ओतायची बाजू ठरलेली असती की."

वर्षानुवर्षं एकाच तोंडानं बसलेली, प्रत्येक हंगामात तापलेली, ठोके खाल्लेली आणि तिथंच थंड झालेली. मग ते लोखंड ती दिशा धरून बसतं. जहाज बांधताना असंच होतं. हे मला साहेबांनी शिकवलं होतं.

चुंबक पाहिजे होते. सचिनच्या ट्रॅक्टरवर दोन मोठे स्पीकर होते. गावात त्याचाच ट्रॅक्टर सगळ्यात जास्त वाजतो.

"स्पीकर खोल. आतले चुंबक काढ."

"मामा, नवीन हायत ते."

"अक्कांच्या गोळ्या न्यायच्यात का गाणी ऐकायचीत?"

त्यानं खोलले. ते चुंबक मी चौरंगाखाली लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवले, एक उभ्या अंगानं, एक आडव्या. काहील फिरवायची, बघायचं, चुंबक बोटभर सरकवायचा. पुन्हा फिरवायची. तीन तास गेले. चौघांचे पाय पांढरे पडले. शेवटी चूक तीन अंशांवर आली. गोळ्यांच्या पाकिटावर चारी बाजूंची चूक लिहून घेतली आणि निघालो. सचिन आणि बबन फळ्यांनी वल्हवत होते. काहील सारखी फिरायला बघायची. मी नुसतं "डावं", "उजवं" म्हणत होतो. पाऊस पुन्हा कोसळायला लागला. पाणी पसरलेलं, संथ. चहूकडं राखाडी. पाऊण तासानं समोर नारळाची झाडं उभी राहिली.

साहेब पायरीवर छत्री घेऊन उभे होते. पाणी तिसऱ्या पायरीला लागलं होतं, आता दोघांना तिथं ठेवून चालणार नव्हतं. त्र्याऐंशीचं वय, पण पाठ ताठ.

"कशातनं आलास?"

"काहिलीतनं."

"काहील लोखंडाची हाय."

"व्हय साहेब."

"चूक किती होती?"

"चाळीस."

"आता?"

"तीन."

साहेबांनी अक्कांना हाक मारली. अक्का आतून बोचकं घेऊन आल्या. मी आधी त्यांना गोळी दिली, पाण्याचा तांब्या दिला. मग विचारलं, "अक्का, बोचक्यात लोखंड काय हाय?"

"अडकित्ता हाय, बाबा."

"तो लांब धरून बसा."

अक्का बसल्या. साहेबांसाठी मी माझ्या समोरची जागा रिकामी ठेवली होती. तिथून होकायंत्र सरळ दिसतं. वाकायचीही गरज नाही. साहेब काहिलीत उतरले. ती जागा त्यांनी बघितली. होकायंत्रही बघितलं, लांबूनच. मग दोन पावलं पुढं गेले, अक्कांशेजारी होकायंत्राकडं पाठ करून बसले आणि अक्कांच्या डोक्यावर छत्री धरली.

पायरी सुटली. पाच मिनिटांत घर दिसेनासं झालं. मी चुन्याची रेघ बघितली, सुई बघितली आणि म्हणालो, "साहेब, दोनशे नव्वद."

त्यांनी मान वळवली नाही.

"मला काय सांगतोस?" म्हणाले. "चल की."